प्रमाण पुरुषाचं पोट

जुनं यंत्र काल भंगारात निघालं. चौघांनी मिळून त्याचं डोकं उतरवलं आणि मला मेलीला रडू आलं. लोखंडासाठी कोण रडतं? पण त्या यंत्राखाली माझी वहिनी झोपायची.

वहिनीच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा ती पोटुशी होती. दादा तिचे कागद घेऊन आमच्याच हॉस्पिटलात आला. डॉक्टर म्हणाले, किरणोपचार लांबवता येणार नाहीत. मूल ठेवायचं की नाही ते फिजिक्सवाल्यांचा हिशेब आला की बोलू. फिजिक्सवाले म्हणजे मी आणि माझे सर. सर प्रत्येक आकडा सावकाश तपासत म्हणून सगळे त्यांना कासव म्हणत, आणि त्यांना ते कौतुक वाटे.

आमच्या यंत्राला एकच किरण, तोही जास्त शक्तीचा. असा किरण यंत्रातल्या जड धातूवर आदळला की न्यूट्रॉन सुटतात. उपचार डोक्यावर, पण हे आगंतुक खोलीभर हिंडतात, भिंतींवर आपटून परततात, पोटापर्यंत पोचतात. किती पोचतात ते कळावं म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये तीच खोली भिंतींसकट बांधली आणि फासे टाकावेत तसा एकेक कण सोडून तो कुठे जातो ते बघत बसलो. शेजारच्या विभागातले याला आमचा जुगार म्हणायचे.

आकडा आला, अगदी लहान. सरांनी चक्क शीळ घातली. मी वहिनीला बोलावून पडद्यावर दाखवलं. "हे तुझं डोकं, आणि हे बाळ."

ती बघतच राहिली. "आणि हा बाप्या कोण?"

"हा प्रमाण पुरुष, ठरीव मापांचा. सगळे हिशेब याच्यावरच करतात."

"अगं, याला कधी दिवस गेलेत का? पोट बघ, कसं पाठीला लागलंय!"

सरांची शीळ बंद. त्या सपाट पोटात आम्ही बाळ खोल, आतड्यांच्या मागे ठेवलं होतं. वहिनीचं बाळ तर पुढे येत चाललेलं. वर मांस कमी, म्हणजे न्यूट्रॉन जास्त.

त्याच दुपारी तिला झोपवून मी टेपने पोट मापलं. तिला गुदगुल्या होत होत्या. नवा आकडा कितीतरी मोठा आला. कॉम्प्युटरमध्ये न्यूट्रॉन अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाड लाद्यांचा आडोसा केला तेव्हा कुठे तो मर्यादेत बसला.

"मर्यादेत म्हणजे बाळाला काहीच होणार नाही?"

"म्हणजे व्हायची शक्यता अगदी थोडी. शून्य नाही, वहिनी."

"शून्य तर घरी बसूनही नसतं," ती म्हणाली. "लाव तुझ्या लाद्या."

पोट वाढत होतं, म्हणून दर आठवड्याला नवं माप आणि कॉम्प्युटरमध्ये नवी वहिनी. ती यायच्या आधी सर स्वतः तिची खुर्ची पुसून ठेवायचे. जिवाला घोर होता, तरी त्या आठवड्यांत मी जितकी हसले तितकी पुढे कधीच हसले नाही. ते दिवस परत मिळाले तर मी लाद्याही डोक्यावरून वाहीन.

भाची ठणठणीत जन्मली. वहिनीचं दुखणं मात्र काही वर्षांनी उलटलं, आणि मुलीच्या आठवणीत आई नीट राहायच्या आत ती गेली.

काल भाची यंत्र बघायला आली होती. तिला आत नेऊन मी जुनी फाइल उघडली. पडद्यावर वहिनी आडवी, करड्या रंगात, आणि तिच्या पोटात ही. त्या महिन्यांत वहिनीचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. पुढे काय वाढून ठेवलंय याची सगळ्यांना धास्ती होती.

भाचीने पोटाच्या रेषेवरून बोट फिरवलं.

"पडद्यावर किरण चालवून दाखवू?" मी सवयीने विचारलं.

"नको आत्या. किरण बंदच राहू दे," ती म्हणाली. "आम्हाला दोघींना जरा नुसतं पडू दे."

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.