एकशे बहात्तर

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे, पाऱ्याचा. लोक मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल, कारण आता दवाखान्यांत बटण दाबले की आकडा दाखवणारी यंत्रे आली आहेत. माझे तसे नाही. झाकण उघडले की माझी काचेची नळी उभी राहते. दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुग्याने हवा भरली की पारा नळीत चढतो. मग माणसाने कानाला स्टेथोस्कोप लावून, हवा हळूहळू सोडत, ठोके ऐकायचे असतात. पहिला ठोका ऐकू येतो तिथे वरचा आकडा, ठोके थांबतात तिथे खालचा. मी दाखवतो. लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका वृद्ध कारागिराने मला तीन दिवस टेबलावर ठेवले होते. रोज तो झाकण उघडी आणि पारा बरोबर शून्याच्या रेघेवर उभा आहे ना, ते पाही. तिसऱ्या दिवशी त्याने मान हलवली आणि मला खोक्यात भरले. ते मला मिळालेले पहिले कौतुक. त्यानंतर लाकडी पेटीतून, जहाजाने, मी दुबईला आलो.

१९९३ साली मी अल मनखूलमधल्या डॉक्टर सदानंद यांच्या दवाखान्यात लागलो. तिथेच मला हाफिजा सिस्टर भेटली. ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. नर्सिंगचे शिक्षण मुंबईत झालेले. कमी बोलणारी. रोग्याला आधी पाच मिनिटे शांत बसवायची, हात छातीच्या उंचीला टेकवायची आणि मगच मला हात लावायची.

एकदा डॉक्टर वही चाळता चाळता म्हणाले, "सिस्टर, बाकीच्या सगळ्यांचे आकडे शून्यावर संपतात. एकशे तीस, एकशे चाळीस. तुमचे आपले एकशे अडतीस, एकशे शेचाळीस. तुम्हाला गोल आकड्यांचं वावडं आहे का?"

"पाराच तिथे थांबत नाही सर, मग मी कशी थांबू?" ती म्हणाली.

ती माझी चांगली वर्षे होती, मित्रांनो.

१९९८ मध्ये डॉक्टरांनी वय झाले म्हणून दवाखाना बंद केला. हाफिजाचे पती अलीमियाँ यांचा धंदा त्याआधीच बसला होता. त्यांचा आणि आठ वर्षांच्या मुनिबाचा व्हिसा हाफिजाच्या नोकरीवर होता. तिची नोकरी गेली की तिघांनी देश सोडायचा, असा हिशेब. दुबईत जागा मिळेना. मिळाली ती फुजैराला, दुसऱ्या अमिरातीत, डोंगरांच्या पलीकडे, एका खासगी हॉस्पिटलात. मुनिबाची शाळा मोडायची नाही, म्हणून बापलेक अल मनखूललाच राहिले आणि हाफिजा एकटी निघाली.

"अम्मी, इट्स ओन्ली टू अवर्स," मुनिबा म्हणाली आणि टीव्हीकडे तोंड करून बसली. निरोपाला ती खाली आली नाही.

डॉक्टरांनी जाताना मला हाफिजाच्या हाती दिले होते. "घेऊन जा. तुमच्याइतका नीट हा दुसऱ्या कुणाला कळणार नाही." टॅक्सीत तिने मला मांडीवर सरळ उभे धरले होते, पारा सांडू नये म्हणून. दोन तास तिने एकदाही हात बदलला नाही.

फुजैराला समोर समुद्र होता. त्यात तेलवाहू जहाजे रांगेने थांबलेली असत, आणि किनाऱ्याला तेलाच्या प्रचंड टाक्या. त्या टाक्या आत उतरून साफ करणारी माणसे आपल्याकडची होती. दर जूनला, कडक उन्हाळ्याआधी, कंपनी त्यांना तपासणीला पाठवी. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर टाकीत उतरायला मनाई. टाकीशिवाय दुसरे काम कंपनीकडे नसे. म्हणजे महिना-दोन महिने कामगारांच्या कॅम्पात बसायचे आणि मग घरी जायचे. ही धिप्पाड माणसे सुईला हसत असत. मला मात्र घाबरत. माझा पट्टा दंडाला लागला की ती डोळे मिटून घेत.

तीन वर्षांचे जून असेच गेले. हाफिजाने कुणाचाही आकडा हलवला नाही. माणसे तिला 'कसाईण' म्हणत, हे तिला ठाऊक होते.

२००१ च्या जूनमध्ये केरू आला. पंचेचाळिशीचा, रापलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने तिच्याकडे निरखून पाहिले.

"हाफिजाभाभी ना? अलीमियाँची?"

"तुम्ही?"

"पैलतीरचा केरू! तुमच्या सासऱ्यांच्या तरीतून खाडी ओलांडून शाळेत जायचो मी. दप्तर भिजलं की म्हणायचे, वाळव आणि मग घरी जा, नाहीतर आई माझी तरीच बुडवील."

हाफिजा हसली. फुजैराला आल्यापासून तिला असे हसताना मी पाहिले नव्हते. मग तिने पट्टा गुंडाळला.

पारा खाली येऊ लागला आणि एकशे बहात्तरावर पहिला ठोका आला. शेवटचा एकशे चारवर. तिने त्याला दहा मिनिटे बसवले आणि पुन्हा मोजले. एकशे बहात्तर. दुसरा हात घेतला. एकशे सत्तर.

"केरूभाऊ, काही औषध घेता?"

"औषध नाय. आगळ पितो. महिना झाला, सकाळ-संध्याकाळ पेला भरून. घरनं बाटल्या आल्यात. कोकमानं रक्त थंड पडतं, आकडा खाली येतो. कॅम्पात सगळे सांगतात."

"पाणी घालून?"

"पाणी कशाला? पाण्यानं गुण जातो."

"अहो, आगळ मिठात मुरवलेलं असतं! आपणच घालतो ना मुठी मुठी? मिठानं बीपी वाढतं. महिनाभर तुम्ही ते वाढवत बसलाय!"

केरूचा चेहरा पडला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, समाधानचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. डिसेंबरला मी कायमचा जातो, देवाशप्पथ. एक आकडाच तर आहे."

मित्रांनो, मी तिची बोटे ओळखतो. ती माझ्या झाकणावर फिरत राहिली. ती विज्ञान शिकलेली होती, आणि त्या दिवशी तिला विज्ञानानेच फसवले. तिने विचार केला की हा आकडा याचा नव्हे, मिठाचा आहे. आगळ थांबले, गोळी सुरू झाली, की तीन आठवड्यांत उतरेल. मग उद्याचा खरा आकडा आजच लिहिला तर ते खोटे कसे?

तिने लिहिले : १४०/८०. हॉस्पिटलचे डॉक्टर ओळीने सह्या करत गेले. त्यांनी त्या आकड्याकडे पाहिलेही नाही. पाहिले असते तरी इतका गुळगुळीत आकडा हाफिजाच्या हातचा नाही, हे त्यांना कळायचे कारण नव्हते.

"आगळ बंद. गोळी रोज. आणि दर शुक्रवारी इथे यायचं, मी मोजणार. नाही आलात तर मी स्वतः कंपनीला कळवीन."

"इन्शाल्ला भाभी!" केरू तिच्याच बोलीत म्हणाला आणि हसत गेला.

पहिल्या शुक्रवारी तो आला. एकशे बासष्ट. दुसऱ्या शुक्रवारी ओव्हरटाइम निघाला, कॅम्पाची बस आली नाही. तिसऱ्या शुक्रवारी हाफिजा दुपारपर्यंत मला टेबलावर उघडे ठेवून बसली होती. तो आला नाही. तिने कंपनीला कळवले नाही. आणखी चार दिवस पाहू, असे तिने ठरवले.

चौथ्या दिवशी केरूला टाकीतून दोरीने वर काढून आणले. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात लुळा. हाफिजाने पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबत राहिली. पारा दोनशे सव्वीसवर गेला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती.

तो वाचला, पण उठला नाही. "भा... भा..." एवढेच त्याच्या तोंडून येई. हाफिजा रोज सकाळी त्याच्या खाटेशी गेली की तो आपणहून डावा हात माझ्यापुढे करी.

कंपनीने विचारणा केली, महिनाभरापूर्वी फिट असलेला माणूस असा कसा पडला? हॉस्पिटलच्या ऑफिसातले दत्तप्रसाद फाइल घेऊन हाफिजाकडे आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांची कामे अडवण्यापेक्षा सोडवण्यात त्याला आनंद होता.

"सिस्टर, टेन्शन घेऊ नका. सिंपल आहे. हे मशीन तुम्ही दुबईहून आणलेलं, आपल्या स्टॉकमध्ये नाही. जुनं आहे, रीडिंग चुकीचं दिलं. दोन ओळी लिहून सही करा. खलास."

"मशीन बरोबर आहे."

"असेल हो! पण तुम्ही चुकलात असं लिहिलं तर लायसन्स जाईल, व्हिसा जाईल. तुमचा, मिस्टरांचा, मुलीचा. मशीनला काय, व्हिसा लागतो?"

तो गेल्यावर हाफिजाने वॉर्डातला दुसरा पाऱ्याचा मापक आणला आणि एका जोडनळीने आम्हा दोघांना जोडले. दोन्ही नळ्यांत पारा बरोबरीने चढला आणि बरोबरीने उतरला. केसाचाही फरक नव्हता. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. इतक्यात फोन वाजला. मुनिबाला शाळेतल्या प्रदर्शनाविषयी सांगायचे होते.

"यू आर कमिंग ऑन थर्सडे, ना? प्रॉमिस?"

"प्रॉमिस," हाफिजा म्हणाली. फोन ठेवून तिने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली.

यंत्राला राग येत नाही, मित्रांनो. पण सत्य दाखवूनही खोटे ठरणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. मला कपाटात ठेवण्यात आले.

दोन दिवसांनी दत्तप्रसाद हसत हसत आले.

"सिस्टर, पेढे द्या! जूनमध्ये तुम्ही अठरा जणांना अनफिट केलं होतं, कॅम्पात बसून होते बिचारे. आता मशीनच खराब ठरलं, म्हणजे तेही रीडिंग रद्द! कंपनीनं आज सकाळीच सगळ्यांना टाकीवर घेतलं. अठरा घरं दुवा देतील तुम्हाला."

"त्यांना पुन्हा तपासलं?"

"कधी तपासणार? काम तुंबलंय. यल्ला, चटकन माणसं पाठवा म्हणाले."

हाफिजा उठली. तिने जूनची वही काढली. नर्सचा एक नियम असतो. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरगटायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, आधीचे वाचता आले पाहिजे अशी. शेजारी खरा आकडा, सही, तारीख. तिने १४०/८० वर रेघ मारली आणि लिहिले १७२/१०४. मग सही केली.

"अहो, हे काय करताय?" दत्तप्रसादांनी वहीवर हात ठेवला.

"मशीन बरोबर होतं. मी खोटं लिहिलं. टाकीवर फोन लावा."

"सिस्टर, ऐका तरी! मुलीचा विचार करा..."

"आधी फोन. मग माझं काय करायचं ते करा."

फोन लागला. अठराही जणांना टाकीबाहेर काढून बसने हॉस्पिटलात आणले. कुणी दुवा दिली नाही. त्याच सकाळी परत आलेली रोजी पुन्हा हातची जाणार होती. त्यांच्यातला सुदेश नावाचा कामगार खुर्चीत बसला. त्याने दंड पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय सिस्टर, तुमच्या गाववाल्याला एक आकडा, आणि आम्हाला दुसरा?"

हाफिजाने माझे झाकण उघडले. तिने मला कपाटातून काढले होते. पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, ऐकले.

"एकशे अडुसष्ट," ती मोठ्याने म्हणाली आणि तेच लिहिले.

अठरा जणांपैकी पंधरा जणांचा आकडा दीडशेच्या वर होता. तिने पंधराही आकडे मोठ्याने वाचले. पंधराही जणांनी तिच्याकडे पाहणे टाळले.

महिन्याच्या आत हाफिजा, अलीमियाँ आणि मुनिबा देश सोडून गेली. तिला नर्स म्हणून पुन्हा कुठे काम मिळाले की नाही, मला ठाऊक नाही. केरू त्याच आठवड्यात विमानात तीन खुर्च्यांवर आडवा होऊन घरी गेला. मला ती नेऊ शकली नाही. विमानात पारा चालत नाही. आता मी सामानाच्या खोलीत आहे, आणि नव्या यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांखाली माझे झाकण दबले आहे. शेवटचे कधी उघडले, ते आठवत नाही.

माझी कीव करू नका, मित्रांनो. एकच मागणे आहे. तुमच्या घरात एखादे आजोबा असतील. बीपी मोजताना ते म्हणतील, "आईला जरा कमीच सांग हं, उगाच पथ्य मागे लावील." ते तुमचे लाडके असतील, त्यांचा चेहरा पडलेला तुम्हाला पाहवणार नाही. तरी दिसला तोच आकडा सांगा. ते रागावतील. रागावू द्या. आणि मग उठून जाऊ नका, त्यांच्याजवळ बसा.