घराखालच्या फळ्या

उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या फेअरबँक्सच्या विद्यापीठात उपासना दलदलीवर काम करायची. हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या शेवाळाचा काळा थर, त्याखाली बारा महिने गोठलेली जमीन. पोलादी सळई खुपसून ही जमीन उन्हाळ्यात वरून किती खोल वितळते ते मोजायचं, हा तिचा धंदा. अलीकडे सळई दरवर्षी जास्तच खाली जायची. दिसेल त्याला ती बजावायची, "घर खांबांवर बांधा, खालून गार वारा खेळता ठेवा. नाहीतर घराचीच ऊब जमीन वितळवेल."

आणि ही शहाणी बाई स्वतःच्या घरी काय करून बसली? वडील गेल्यावर तिनं आईला, सुलेखाबाईंना, नागपूरहून कायमचं आणलं. पहिल्याच थंडीत आईचे पाय दुखायला लागले. "हे घर आहे का बर्फाची लादी, बाप्पा!" आई कंटाळून परत जाईल या धास्तीनं उपासनानं घराखालची मोकळी जागा फळ्या ठोकून बंद केली. एका हिवाळ्यानं काय होतंय! असे तीन हिवाळे गेले.

२००७च्या जुलैत ती कामावरून आली, तर दार उघडेना. घराचा एक कोपरा खचला होता, चौकट वाकडी झाली होती, आणि आई आत अडकली होती. खिडकी उघडायची ती जेमतेम वीतभर.

"सकाळपासून ढकलून राहिली मी," आतून आई म्हणाली. "तुझा फोन लागते कुठं त्या चिखलात!"

उपासनानं एक फळी उचकटली आणि सळई आत खुपसली. ती मुठीपर्यंत सरसर गेली.

"आता फळ्या काढून टाक," आई म्हणाली.

"काढल्या तर बाहेरचा उन्हाळा आत शिरेल. ठेवल्या तर घराची ऊब खाली जाईल. काही केलं तरी हे थांबत नाही आता, आई." उपासनाला रडूच फुटलं. "तुझे पाय दुखत होते म्हणून ठोकल्या गं मी."

मग खिडकीच्या फटीतून आईचा हात बाहेर आला आणि तिच्या केसांवरून फिरला.

"पाय दुखते म्हणत होती, ते तू नागपूरचं तिकीट काढशील म्हणून," आई हळूच म्हणाली. "तू फळ्या ठोकल्या. इतक्या मायेनं ठोकल्या, मग मले काही बोलताच नाही आलं."

उपासनानं डोळे पुसले आणि ती दार फोडण्यासाठी कुऱ्हाड आणायला गेली.