पिराजीची पुष्पिका

शाहूपुरीतल्या छापखान्यात पिराजी सव्वीस वर्षं उभ्यानं खिळे जुळवत होता. एवढ्या काळात त्याच्या हातून दीडशे पुस्तकं गेली आणि एकातही त्याचं नाव आलं नाही. याचं त्याला दुःख नव्हतं. असं नाव येऊ शकतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ते कळलं एकाहत्तर साली, प्राध्यापक नृसिंहरावांचं जुन्या पोथ्यांवरचं पुस्तक जुळवताना. पान एकशे बारा: पोथी संपली की नक्कल करणारा शेवटी आपलं नाव, गाव, तिथी लिहायचा, पाठ-मान मोडल्याची तक्रार करायचा आणि शेजारी फूल काढायचा. या मजकुराला म्हणायचं पुष्पिका. पुष्पिका म्हणजे छोटं फूल. नाव त्यावरूनच पडलं असावं, असं प्राध्यापकांचं मत.

प्रस्तावनेत प्राध्यापकांनी सासऱ्यांपासून चहा करणाऱ्या वहिनींपर्यंत सगळ्यांचे आभार मानले होते. पिराजीनं ते बिनचूक जुळवले. मग शेवटच्या पानावर, मालकांच्या नाव-पत्त्याच्या तीन ओळींखाली, स्वतःच्या तीन जुळवल्या: ‘हे पुस्तक पिराजी आकाराम यानं उभ्यानं जुळवलं. कंबर गेली, मान गेली. वाचणाऱ्यानं जपून वाचावं.’ खाली एक फूल बसवलं.

प्रूफ बघून मालक गणपतराव कडाडले, “पिराजी, ह्यो तुझा पवाडा काढ आधी!”

“न्हाय काढणार. पान एकशे बारा वाचा की.”

“मी छापतो, वाचत न्हाय!”

“मग ह्ये बी वाचू नका.”

“कामावरनं हाकलीन!”

“हाकला. ओळी ऱ्हातील.”

“सर बाजूला, मीच उपसतो. आता तोंड उघडलंस तर याद राख!”

गणपतरावांनी चिमटा उचलला. खालच्या तीन ओळी, सोपं काम. पण फर्म्यात, म्हणजे चौकटीत आवळलेल्या खिळ्यांच्या पानात, अक्षरं उलटी असतात, आणि मालक दगडी टेबलाच्या पलीकडून वाकले होते, म्हणजे वरचं खाली. तीस वर्षं छापखाना चालवूनही त्यांना उलटं अक्षर वाचता येत नव्हतं. त्यासाठी पिराजी होता. त्यांनी तीन ओळी तावातावानं उपसल्या. ‘मुद्रक’पासून सुरू होणाऱ्या, कायद्यानं छापाव्याच लागणाऱ्या, स्वतःच्याच.

पिराजीनं पाहिलं. तोंड उघडायचं नव्हतं. त्यानं मोकळी जागा भरली, फर्मा आवळला आणि यंत्रावर चढवला.

पाचशे प्रती गेल्या. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या ग्रंथालयातून चिठ्ठी आली: ‘मुद्रक म्हणून शेवटच्या पानावरचं एकमेव नाव नोंदवलं आहे, पिराजी आकाराम. चूक असल्यास कळवावे.’

गणपतराव चिठ्ठी फडकावत धावत आले.

“आता उघडू व्हय तोंड?” पिराजीनं विचारलं, आणि पुढच्या पुस्तकासाठी फूल शोधू लागला.