दुपट्ट्याखालचा भाव

तुळसाबाईने बोकडाचा कान धरून त्याला ऑटोतून खाली ओढलं आणि दावं आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं. मागून उकंडा डब्याची पिशवी घेऊन उतरला. पावसाळा संपल्यापासून दर आठवड्याला तो या बोकडाला आर्णीच्या बाजारात विकायला आणत होता, आणि दर आठवड्याला बोकड त्याच्याबरोबर मजेत घरी परतत होता. म्हणून आज बायकोच निघाली होती.

"आज हा घरी येत नाई," ती म्हणाली. "कोन घेत नाई ते पाह्यतोच मी."

बंड्याचे, म्हणजे या बोकडाचे, गुन्हे लहान नव्हते. लेकीने, उर्वशीने, पुण्याहून पाठवलेल्या नव्या साडीचा पदर त्याने वाळत घातलेल्या दोरीवरून ओढून फस्त केला होता. त्याच दिवशी तुळसाबाईने त्याला विकायचं फर्मान काढलं. उकंडाने मुकाट्याने मान डोलावली आणि बाजारात जाऊन चाळीस हजार भाव सांगितला. पंधरा हजारांच्या बोकडाला चाळीस! आता बाजारात कुणीही अव्वाच्या सव्वा बोललं, की लोक हसून म्हणायचे, हा उकंडाचा भाव झाला.

खरं सांगायचं तर त्याला बोकड विकायचाच नव्हता. बोकड गेला की बाजाराला यायचं निमित्त गेलं. उर्वशी लग्न होऊन गेली आणि घर गप्प झालं. नवराबायकोत भांडण नव्हतं, पण बोलणं चहा आणि मिठापुरतं उरलं होतं. बाजारातून आल्यावर तो गोऱ्ह्यांचा भाव चढला, मेंढ्यांचा उतरला असं काही सांगू लागला, की ती म्हणायची, "मले भाव नोका सांगू. बोकड काहून वापस आला ते सांगा." मग तो गप्प बसायचा आणि पुढच्या बाजाराची वाट पाहायचा.

गुलाबसिंग दलालाने त्यांना लांबूनच पाहिलं आणि हात पसरून तो पुढे आला.

"भाभी, तुमी? बाप्पा! आज तं बोकड गेलाच समजा."

"बाजारभावानं द्या. चाळीस-बियाळीस मले नाई पाह्यजे."

गुलाबसिंगचा चेहरा खुलला. बोरी अरबकडच्या तांड्यावरच्या लालसिंगला आपल्या शेळ्यांसाठी हाच बोकड हवा होता, पण चाळीस ऐकून तो दर वेळी हात जोडून निघून जायचा. गुलाबसिंग त्याला शोधायला पळालाच. उकंडाने दाव्याकडे हात नेला, पण ते तुळसाबाईच्या मनगटाला पक्कं होतं.

तेवढ्यात ओळखीचे दोन शेतकरी समोर आले.

"उकंडाभाऊ, आज का म्हंते बाजार?"

झालं. उकंडाची कळी खुलली.

"मेंढ्या उतरल्या ना, राज्या! मांगच्या बाजारी एक मेंढी भजेवाल्याच्या पालात घुसली. एक घुसली, तं साऱ्या मांगंमांगं. पाल खाली, कढई पालथी! तवापासून गिऱ्हाईक म्हंते, मेंढी घेतो, पन भज्याचे पैसे तू दे."

त्याने झारा उगारून धावणाऱ्या भजेवाल्याची नक्कल केली, मग पालाचं कापड डोक्यावर घेऊन पळणाऱ्या मेंढीचीही केली. शेतकरी पोट धरून हसले. उकंडा स्वतः इतका हसला की त्याला ठसका लागला. डोळे पुसता पुसता त्याला बायकोची आठवण झाली आणि त्याने वळून पाहिलं.

तुळसाबाई त्याच्याकडेच पाहत होती. दावं सैल पडलं होतं. बंड्याने तिच्या अंगावरच्या पदराचं टोक तोंडात घेतलं होतं आणि तो ते शांतपणे चघळत होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. घरी आपण असं शेवटचं कधी हसलो, हे उकंडाला आठवेना, आणि तो उगाच ओशाळला.

लालसिंग आला तो खांद्यावर नवंकोरं हिरवं दावं टाकूनच. विकल्या जनावराचं दावं मालक देत नाही, घेणाऱ्यानेच आणायचं असतं. गुलाबसिंगने सौद्यासाठी दुपट्टा उकंडापुढे धरला. त्याखाली तुळसाबाईने हात घातला.

"आज मालक मी हाय."

दुपट्ट्याआड बोटं दाबून भाव सांगायची ही रीत उकंडानेच तिला शिकवली होती, ती नवी नवरी असताना, गंमत म्हणून. तिच्या ती अजून ध्यानात असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

लालसिंगने संकोचत हात आत नेला. दुपट्टा हलला. लालसिंगच्या भुवया वर चढल्या. त्याने मान हलवली, तिने पुन्हा बोटं दाबली. चटका बसावा तसा त्याने हात बाहेर ओढला.

"बाई, बोकड इकून राह्यली का ट्रॅक्टर?" तो ओरडला. "याच्यापरीस उकंडाभाऊचा भाव बरा व्हता!"

भोवतीचे लोक खो-खो हसले. गुलाबसिंगने कपाळावर हात मारून घेतला. लालसिंगही हसत हसत आपलं हिरवं दावं सावरत बोकडांच्या दुसऱ्या रांगेकडे निघून गेला.

"किती सांगतले वं?" उकंडाने हळूच विचारलं.

"दुपट्ट्याखालचं बाहेर सांगत नसते. तुमीच सांगतलं व्हतं."

मग तिने बंड्याच्या तोंडातून पदर सोडवला, ओलं टोक पाहिलं आणि ते कमरेला खोचलं.

परतीच्या ऑटोत बोकड दोघांच्या मध्ये उभा होता. शहर मागे पडलं, पऱ्हाटीची शेतं लागली.

"पुढच्या बाजाराले डबा मोठा आना लागन," तुळसाबाई बाहेर पाहत म्हणाली. "दोघाले पुरला नाई."

"हो."

तुळसाबाई त्याच्याकडे वळली.

"अन् त्या भजेवाल्याचं का झालं मंग? भेटले का त्याले पैसे?"

उकंडा सरसावून बसला. बंड्याचं डोकं बाजूला सारून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तशी गोष्ट नाई समजाची तुले. आधी मेंढ्याचा भाव सांगा लागन."

"सांगा ना," ती म्हणाली. "गाव लय दूर हाय अजून."