एक वाजेपर्यंतच्या मॅडम

"साहेब येईपर्यंत थांबतो मी," मास्तर सुजलेल्या गालावर रुमाल दाबत म्हणाले. "दाढ काढायची म्हणजे ताकद लागते. बाईमाणसाचं काम नाही ते."

मॅडम समोरच हातमोजे घालून उभ्या होत्या. त्या हसल्या. बावीस वर्षं हे ऐकून हसत आल्यात, निव्वळ सवयीने.

मी या दवाखान्यात पहिल्या दिवसापासूनची मदतनीस. साहेब आणि मॅडम नवराबायको, दोघंही दातांचे डॉक्टर, एकाच वर्गातले. मॅडमना मार्क जास्त, हे साहेबच कौतुकाने सांगतात. लेक झाली तेव्हा ती शाळेत जाईपर्यंत म्हणून मॅडमनी सकाळचे तीन तास घेतले. लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, गेल्या महिन्यात नोकरीसाठी परगावी गेली. मॅडमचे तास तेवढेच राहिले. त्यांच्याकडे लहान मुलं आणि दात भरणं, साहेबांकडे दाढा. खुर्ची एक, डॉक्टरचं स्टूलही एकच. साहेब ताडमाड, मॅडम बुटक्या. सकाळी त्या स्टूल खाली घेणार आणि एक वाजता साहेबांसाठी आठवणीने वर करून जाणार.

त्यात साहेबांचा खांदा धरला. संध्याकाळसाठी नवा डॉक्टर ठेवायचं ठरलं, तो मास्तर आले त्याच दिवशी पाचला भेटायला येणार होता. मॅडमना ती संध्याकाळ हवी होती. लेक गेल्यापासून एक वाजला तरी त्यांचा पाय निघत नसे, धुतलेली हत्यारं उगाच पुन्हा लावत बसायच्या.

"सांगा की साहेबांना," मी म्हटलं होतं.

"आणि तो नको म्हणाला तर?" त्या म्हणाल्या होत्या.

साडेबाराला साहेब आले. स्टूल वर घेतलं, भूल दिली, पकड लावली, जोर केला आणि पांढरेफटक पडले. हात खालीच आला. मास्तरांचे डोळे गच्च मिटलेले.

"तू बघतेस?" साहेब हळूच म्हणाले.

मॅडमनी स्टूल खाली घेतलं. जोरबीर काही केला नाही. ड्रिलने दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक अलगद उचलला. लाळ ओढायची नळी धरून मी शेजारी उभी होते. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"वा साहेब, कळलंसुद्धा नाही," मास्तर डोळे उघडत म्हणाले.

"ताकद मी लावली," साहेब म्हणाले, "दाढ हिने काढली."

तेवढ्यात मी मास्तरांच्या तोंडात कापसाचा बोळा दिला, म्हणून ते उत्तरातून सुटले.

मास्तर गेले. एक वाजला. मॅडमचा हात सवयीने स्टूल वर-खाली करायच्या दांडीकडे गेला आणि थांबला.

"त्या नव्या डॉक्टरला नको बोलावूस," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी बसते."

"आधी बोलायचंस ना."

"आधी विचारायचंस ना."

साहेब खांदा चोळत बाहेर गेले आणि त्यांनी त्या डॉक्टरला नको म्हणून सांगायला फोन लावला.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर साहेब मॅडमना न्यायला आले. त्या आत हात धूत होत्या. साहेब स्टुलावर टेकले, तर गुडघे पार छातीशी आले. दांडी अगदी हाताशी होती. तिला हात न लावता ते तसेच अवघडून बसून राहिले.