लोखंडावरचा पंजा

सासूबाईंनी चाळीस वर्षं सुतारकामाचा कारखाना चालवला, पण उंबऱ्याबाहेरून. दारात स्टूल टाकून बसायच्या. नुसत्या आवाजावरून कुठलं पातं बोथट झालंय ते ओळखून कारागिराची खरडपट्टी काढायच्या. आत मात्र पाऊल टाकलं नाही.

नियम त्यांच्या सासऱ्यांचा होता. कारखान्यात काम करायचं असेल त्याने रंधा मशीनच्या घासून लख्ख केलेल्या लोखंडी पाटावर पंजा दाबायचा नि घरी जायचं. सकाळी पाट स्वच्छ दिसला तर आत, गंज दिसला तर बाहेर. सासूबाई नव्या नवरी असताना हौसेने हात दाबून गेल्या. सकाळी त्या येईपर्यंत सासऱ्यांनी पाट घासून टाकला होता. "हिचा हात लोखंड खातो," चार कारागिरांसमोर एवढंच बोलले. विषय संपला.

आता सुनेला नोकरी सोडून रंधा हातात धरायचा होता.

"आई, खरंच हात ठेवायचा?"

"मला सूट नव्हती, तुला बरी मिळेल! ठेव. फुलं वेचल्यासारखा नको, दाबून."

सकाळी सून आतून म्हणाली, "आई, बघायला या."

"मी कशाला येऊ? तिथूनच सांग."

"सांगण्यासारखं नाही हो. बघण्यासारखं आहे."

सासूबाई कुरकुरत उठल्या आणि उंबरा ओलांडला. पाटापाशी पोचल्या आणि वाकल्या. करड्या लोखंडावर तांबूस पंजा उमटला होता. पाची बोटं, पेरांच्या घड्या, करंगळीवरचा जुना व्रणसुद्धा. एका रात्रीत लोखंडाने पोरीचा हात पाठ केला होता.

"माझाही असाच उमटला असेल," त्या पुटपुटल्या. "मला कुणी दाखवलाच नाही."

सुनेने तेल टाकून बारीक पॉलिश पेपरने डाग घासला, पाट कोरडा पुसला आणि फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आतलं मेण फडक्याने पातळ चोळलं, वाळू दिलं, पुन्हा घासलं.

"आता तुमचा हात."

"माझा? अख्खं मशीन खाऊन टाकीन!" म्हणाल्या, पण दाबला. चांगला जोर लावून.

दुसऱ्या दिवशी त्या चहा अर्धा टाकून आल्या. पाटावर काही नव्हतं. खिडकीचा उजेड पडला होता आणि त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता. सुनेने पाण्याचा थेंब सोडला. तो मण्यासारखा गोल होऊन घरंगळला. सासूबाईंनी पाटावर बोट फिरवलं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, असा कसला हा पडदा, की घाम पलीकडे जाऊच शकत नाही?

"डबा कुठून आणलास?"

"इथलाच आहे. तुमच्या सासऱ्यांचा. मेणात त्यांच्या बोटांचे खळगे आहेत, बघा."

चाळीस वर्षं तो डबा स्टुलावरून त्यांना समोर दिसत होता. त्यांना वाटायचं, खुर्च्यांचं पॉलिश असेल.

"म्हणजे थेरड्याचा हातही..."

"खात असणार. म्हणूनच हे मेण."

डब्याचं झाकण लावून सासूबाई मशीनसमोर उभ्या राहिल्या. कारागीर एकमेकांकडे बघू लागले, कारण असं कधी घडलं नव्हतं.

"स्टूल आत आणू, आई?"

"स्टूल कशाला? काम उभ्याने करतात. ती रंधायला ठेवलेली फळी दे इकडे. आणि बटण कुठलं ते मला शिकवायला येऊ नकोस."