प्रकाशाला घाम

पडदा वर गेला आणि आठशे माणसं एकदम उभी राहिली. काहींनी हात जोडले. रंगमंचावर माझे बाबा उभे होते, आणि बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

तेच कपाळ, तोच खर्ज, वाक्य संपताना हनुवटी किंचित उचलण्याची तीच लकब. पारदर्शक पडद्यावरचे, नुसत्या प्रकाशाचे बाबा म्हाताऱ्या न्यायाधीशाचं स्वगत म्हणत होते आणि शेजारी आई ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणत होती.

प्रयोगाआधी नाटक कंपनीचा मालक पुढे येई. लोक त्याला यंत्रगुरू म्हणत आणि त्यालाही ते आवडे. "यात माणूस नाही, मायबाप. एकही नाही. यंत्रानं यांच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या, आवाज ऐकला आणि एके दिवशी हे आपणहून बोलू लागले. नट जातो, नटपण उरतं. आता नटाला ना ताप येणार, ना त्याचं वय होणार, ना तो रुसून बसणार." लोक हसत. बोलावून पुढच्या रांगेत बसवलेले नटही कसनुसं हसत. त्यांतल्या चौघांना नुकतंच घरी बसवलं होतं.

नाटक संपलं की प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि बाबांनी उत्तरं द्यायची. लोक नाटकाचं सोडून भलतंच विचारू लागले होते. एका बाईंनी मुलीला कुठल्या शाखेत घालू म्हणून सल्ला मागितला. हयातीत बाबांना माझी इयत्ताही आठवत नसे.

आई रोज एकच विचारायची, "दमलात का?"

"नाही. बरं वाटतंय," असं उत्तर येई, आणि ती समाधानानं घरी यायची.

तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रियेची तारीख दिली, दोनदा तिनं ती पुढे ढकलली. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर घराबाहेर पडता येणार नव्हतं, आणि महिनाभर त्यांना बघायला कोण जाणार, असं तिचं म्हणणं. आता फार थांबू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"आई, ते नाहीत गं," मी म्हटलं.

"तुझं विज्ञान शाळेत शिकव," ती शांतपणे म्हणाली.

खरं सांगायचं तर तो आवाज मलाही ऐकायचा असे.

मग एका दुपारी नाट्यगृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. सगळे हातातल्या पत्रकांनी वारा घेत होते. तिसऱ्या, शेवटच्या अंकात बाबांनी डावं मनगट उचललं आणि भुवईवरचा घाम पुसला. सभागृहातून हुंकार उठला. मागे कुणीतरी म्हणालं, अहो, घाम येतोय त्यांना, जिवंत आहेत. आईनं माझा हात दाबला. "आता तरी पटलं?"

मला वेगळंच पटलं. प्रकाशाला घाम येत नाही. ते पुसणं चित्रफितींतूनही आलं नसणार, कारण रंग फिसकटतो म्हणून चाळीस वर्षांत बाबांनी प्रयोगात कपाळाला बोट लावलं नव्हतं. म्हणजे जवळच कुठेतरी दुसरं कपाळ होतं आणि तिथेही उकडत होतं.

आईला तिथेच बसवून मी मागच्या दाराशी गेले. दारवान मला लहानपणापासून ओळखायचा. त्यानं अडवलं नाही. रंगमंचाखाली नेपथ्याचं सामान ठेवायची खोली आहे. खिडकी नाही. पंखा होता, पण बंद. त्याची घरघर ध्वनिक्षेपकात गेली असती. मोडक्या सिंहासनाशेजारी अंगभर हालचाली टिपणारी बटणं शिवलेला काळा पोशाख घालून एक म्हातारा उभा होता. चेहऱ्यावर पांढरे ठिपके, हनुवटीपुढे इवलासा कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक, समोर दोन पडदे. एकावर सभागृह दिसत होतं. दुसऱ्यावर त्याच्या चेहऱ्याचा क्षणोक्षणी माझ्या बाबांचा चेहरा होत होता.

ते बदलीकाका होते. बाबा आजारी पडले तर ऐन वेळी उभं राहता यावं म्हणून तीस वर्षं ही भूमिका पाठ करून विंगेत थांबलेले. बाबा कधी आजारी पडले नाहीत. पडले ते एकदाच.

अंक संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. ध्वनिक्षेपकावर हात ठेवला. "यंत्राला चेहरा जमतो, बाळ. थांबायचं कुठे, ते जमेना. म्हणून मला बोलावलं. बाहेर बोलायचं नाही या अटीवर."

"आणि आईला उत्तरं देता ती?"

त्यांनी मान खाली घातली. "वहिनी विचारतात, दमलात का. मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं."

मी त्यांना झडपेचं आणि यांच्यापायी पुढे ढकललेल्या तारखांचं सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. समोरच्या पडद्यावर आई प्रश्न विचारायला उभी राहत होती. बदलीकाका जिन्याकडे वळले. ते चढू लागले तसे वर बाबाही जागच्या जागी पायऱ्या चढू लागले. लोक बघत राहिले. काका रंगमंचावर येऊन बाबांपुढे उभे राहिले. त्यांनी हात उचलला, बाबांनी उचलला.

"वहिनी, हा मी आहे," ते म्हणाले, आणि सभागृहाला ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं. मग त्यांनी कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक उतरवला. बाबांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी थिजला. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आपल्या घोगऱ्या, साध्या आवाजात.

यंत्रगुरू दिवे घालवा म्हणून ओरडत होता. काही लोक चिडले, तेही काकांवरच. एकानं तर बाबांचाच आत्मा काकांच्या अंगात शिरल्याचं सांगायला सुरुवात केली.

आई खाली बसली. "म्हणजे ते गेले," ती म्हणाली. आठ महिन्यांत तिनं हे पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्या रात्री ती रडली, आणि सकाळी तिनं स्वतः डॉक्टरांना फोन लावला. शस्त्रक्रिया नवव्या दिवशी झाली. ती जगली.

यंत्रावर माझा राग नाही. उद्या कदाचित ते खरोखरच एकट्यानं नाटक उभं करील. करू दे. तपासून पाहू, आवडलं तर टाळ्याही वाजवू. पण तो नवा नट असेल. गेलेला माणूस नसेल. गेलेलं माणूस परत आलंय असं कुणी सांगितलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे काम नक्की कोण करतंय. आणि उत्तर मिळालं नाही तर उठा, दार उघडा, खाली जाऊन बघा.